भट्टी लावण्याआधी : मातीकामाच्या स्टुडिओतल्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

या वर्षीचं काम नक्की झालं. स्टुडिओचा पर्यावरणावर पडणारा भार कमी करायचा आणि जे कमी केलं ते आकड्यांत दाखवता आलं पाहिजे. आम्ही तिघं आहोत : मी, चाकावर बसणारी माझी सहकारी आणि ग्लेझिंग (भांड्यावर भाजल्यावर काच होणारा लेप, म्हणजे ग्लेझ, चढवणं) आणि पॅकिंग सांभाळणारा आमचा तरुण साथी. दोन चाकं, एक इलेक्ट्रिक भट्टी, ग्लेझच्या बादल्यांची एक भिंत. एवढाच पसारा.

पहिल्या चर्चेत सगळ्यांच्या तोंडी पॅकिंगच आलं. बबल रॅप बंद करू, कागदी टेप आणू, खोक्यावर हिरवा शिक्का मारू. हे सुचणं साहजिक आहे, कारण ग्राहकाच्या हातात आधी खोकंच पडतं. पण एक कप तयार होताना सगळ्यात जास्त ऊर्जा कुठे खर्च होते असं विचारलं, तर तिघांचीही बोटं भट्टीकडे गेली. तेव्हा सुरुवात तिथूनच.

हिशेबासाठी ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉलची तीन रकान्यांची मांडणी घेतली. पहिल्यात आपण स्वतः जाळतो ते इंधन, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात माती खणण्यापासून पार्सल पोचेपर्यंतचं बाकी सगळं. आमच्याकडे गॅस नाही, लाकूड नाही, त्यामुळे पहिला रकाना रिकामा. दुसरा मीटर सांगेल. तिसरा पुरता भरणं आमच्या आकाराच्या धंद्याला झेपणार नाही, म्हणून त्यातलं जे आपल्या निर्णयाने बदलू शकतं तेवढंच धरलं : माती, ग्लेझचा कच्चा माल, खोकी, वाहतूक.

भट्टीच्या लाइनवर वेगळा सबमीटर बसवून घ्यायचा. तोवर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

२० जानेवारी

सबमीटर बसला. बसवायला आलेले वायरमन काका म्हणाले, "ताई, भट्टीवर किलोवॉट लिहिलेत, त्याला तासांनी गुणा. मीटर कशाला हवाय?"

गुणाकाराने फक्त वरची मर्यादा कळते. ८ किलोवॉटची भट्टी १० तास अखंड पूर्ण ताकदीने चालली तर ८० युनिट होतील, हे खरं. पण कंट्रोलर एलिमेंट, म्हणजे भट्टीतल्या तापणाऱ्या तारा, चालू-बंद करत असतो. सुरुवातीच्या टप्प्यात माती हळूहळू तापवायची असते, तेव्हा एलिमेंट बराच वेळ बंदच असतात. वरच्या तापमानाला मात्र ते जवळजवळ सतत चालू राहतात. कुठल्या टप्प्याला किती वीज लागते हे मीटरशिवाय कळत नाही, आणि आम्हाला तेच तर हवंय.

भट्टीशेजारी एक वही टांगली आहे. दर तासाला तापमान आणि मीटरचा आकडा लिहायचा. जो हजर असेल त्याने लिहायचा.

३ फेब्रुवारी

वही भरायला लागली आणि दोन गोष्टी स्पष्ट झाल्या.

एक : भट्टी अर्धी रिकामी असली तरी वीज अर्धी लागत नाही. बरीचशी उष्णता भट्टीच्या विटा, शेल्फ आणि खांब तापवण्यात जाते, आणि उरलेल्यातली बरीच भिंतींतून व झाकणाच्या फटीतून निसटते. आत दहा कप असोत की पन्नास, हा खर्च फारसा हलत नाही. म्हणजे एका कपामागे किती वीज लागली हे मुख्यतः भट्टी किती भरली होती यावर ठरतं.

दोन : शेवटची चढण सगळ्यात महाग. भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाबरोबर वाढते. १२०० अंशांच्या पुढे भट्टी एवढी उष्णता गमावत असते की एलिमेंट पूर्ण चालू असूनही काटा मुंगीच्या चालीने सरकतो.

पहिल्या गोष्टीवर लगेच काम करता येतं, दुसरीला वेळ लागेल.

४ फेब्रुवारी

भट्टी भरण्याबद्दल. बिस्क, म्हणजे पहिल्या भाजणीत, भांडी एकमेकांना टेकली तरी चालतं. ग्लेझ नसल्यामुळे चिकटायला काही नसतं. कपावर कप उपडा ठेवता येतो, वाटीत वाटी बसवता येते. आमची बिस्कची भट्टी इतके दिवस ग्लेझच्या भट्टीसारखीच सुटी सुटी भरली जात होती. आता काठावर काठ ठेवून रचतो. भार सरळ खाली गेला पाहिजे, नाहीतर खालचं भांडं वाकतं. ही एक काळजी घेतली तर एका बिस्कमध्ये पूर्वीपेक्षा खूपच जास्त माल बसतो.

ग्लेझच्या भाजणीत ही सोय नाही. तिथे प्रत्येक भांड्याभोवती मोकळी जागा हवीच. मग आकारांकडे वळलो. आमचे कप तीन वेगवेगळ्या उंचीचे होते, आणि प्रत्येक शेल्फवर सगळ्यात उंच कप खांबाची उंची ठरवायचा. बाकीच्यांच्या डोक्यावर नुसती हवा तापायची. सहकारीने दोन उंच्या एक केल्या आणि तिसरी उंची बरोबर त्याच्या दुप्पट ठेवली. कपांचं रूप बिघडलेलं नाही. उलट उंच कप आता जास्त ठाम दिसतो असं माझं मत आहे.

आणि नियम : भट्टी भरल्याशिवाय लावायची नाही. याचा ताण ग्राहकांवर येणार, म्हणून ऑर्डर घेताना नेमकी तारीख देण्याऐवजी 'या पंधरवड्यात' असं सांगायला सुरुवात केली आहे. कारणही सांगतो. बहुतेक जण थांबतात.

११ फेब्रुवारी

कच्च्या मातीचा दिवस.

चाकावर, ट्रिमिंगला (जास्तीची माती तासताना), कपाला कान, म्हणजे धरायची मूठ, जोडताना जी माती उरते ती सगळी परत वापरता येते, आणि कितीही वेळा. न भाजलेल्या मातीसारखा उदार कच्चा माल दुसऱ्या कुठल्या कलेत असेल असं मला वाटत नाही. तरीही अर्धवट ओल्या गोळ्यांनी भरलेला एक पिंप आमच्या कोपऱ्यात कायम पडून असतो, कारण ओला गोळा पाण्यात टाकला तर तो आठवडाभर तसाच गोळा राहतो. पाणी आत शिरतच नाही.

आज नव्या साथीला हे करून दाखवलं. दोन पारदर्शक बरण्यांत पाणी घेतलं. एकीत लेदर-हार्ड, म्हणजे आकार धरलेला पण अजून ओलसर, कान टाकला, दुसरीत तसाच पण पूर्ण वाळलेला, बोन-ड्राय कान. वाळलेल्या कानातून लगेच बारीक बुडबुडे सुटायला लागले. बरणीजवळ वाकून ऐकलं तर फसफस ऐकू येत होती. मग कडेचे पापुद्रे सुटून खाली बसायला लागले, वळणाजवळ भेग पडली, आणि बघता बघता कानाच्या जागी तळाशी मऊ चिखलाचा ढीग उरला. हात लावावा लागला नाही. शेजारच्या बरणीतला ओला कान जसा टाकला तसाच होता, त्यावर सहकारीचा अंगठ्याचा ठसासुद्धा शाबूत. वाळलेल्या मातीच्या कणांमधली जागा हवेने भरलेली असते. पाणी आत ओढलं जातं, हवा बाहेर ढकलली जाते आणि माती आतूनच फुटते. ओल्या मातीत त्या जागा आधीच पाण्याने भरलेल्या असतात.

तेव्हा क्रम असा : उरलेली माती आधी पातळ पसरून खडखडीत वाळवायची, मग पिंपात पाण्याखाली बुडवायची, ढवळायची नाही. दोन दिवसांनी वरचं पाणी काढून घ्यायचं, चिखल चाळणीतून गाळायचा आणि प्लास्टरच्या लादीवर पसरायचा. प्लास्टर पाणी शोषून घेतं. माती लादीपासून सुटायला लागली की उलटायची, आणि मळायला घ्यायची.

दोन पथ्यं. चाकावर वापरलेलं गढूळ पाणी फेकायचं नाही, त्यात मातीचे सगळ्यात बारीक कण असतात. ते गेले की परत मिळवलेली माती 'तुटकी' होते, वळवली की चिरते. आणि लादीवर धातूची पट्टी चालवायची नाही. प्लास्टरचा कपचा मातीत गेला तर तो भाजणीनंतर ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याचा तुकडा उडवतो. कधी कधी विकल्यानंतर काही आठवड्यांनी.

१९ फेब्रुवारी

पिंप रिकामा झाला. परत मिळवलेली माती नव्या मातीत मिसळून चाकावर घेतली. सहकारीच्या हाताला फरक जाणवला नाही, म्हणजे जमलं.

२५ फेब्रुवारी

या प्रकल्पातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी नोंद हीच.

मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेलं पाणी असतं. वाळवून ते जात नाही. साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते निघून जातं, आणि त्यानंतर ती वस्तू पाण्यात टाकली तरी पुन्हा माती होत नाही. जे झालं ते कायमचं. चीनमधल्या श्यानरनदोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत. आपण भाजलेला फसलेला कपही तेवढाच टिकणार आहे.

म्हणजे आमच्या हातातला सगळ्यात मोठा पर्यावरणीय निर्णय बिस्कची भट्टी लावण्याच्या आदल्या दिवशी होतो. तोवर प्रत्येक भांडं परत पिंपात जाऊ शकतं आणि त्याचा खर्च म्हणजे फक्त आमची मेहनत. त्यानंतर मात्र त्याने वीज खाल्लेली असते आणि परतीची वाट बंद झालेली असते.

म्हणून बिस्कच्या आदल्या दिवशी 'निवड' ठेवायची. वाळलेलं प्रत्येक भांडं हातात घ्यायचं, तिरप्या उजेडात फिरवायचं. कानाच्या सांध्यावर केसाएवढी भेग आहे का? तळाशी एस-आकाराची चीर सुरू झाली आहे का? वजन तळाशी साचलंय का? काठ हाताला बोचतो का? आणि शेवटचा प्रश्न, जो सगळ्यात अवघड आहे : हे भांडं जगात असायला हवं का?

पहिल्या निवडीत सहकारी एक उंच सुरई घेऊन बराच वेळ उभी होती. गळा सुरेख वळला होता, पण पोट आणि गळा एकमेकांचे वाटत नव्हते.

"ग्लेझ चढल्यावर दिसणार नाही," ती म्हणाली.

"तुला दिसेल ना?"

"मला तर आत्ताही दिसतंय."

तिने सुरई स्वतःच पिंपात सोडली. मी काही बोलले नाही. हा निर्णय ज्याने घडवलं त्यानेच घ्यायचा, असं त्या दिवशी आम्ही ठरवून टाकलं. दुसऱ्याने फक्त दोष दाखवायचा.

८ मार्च

आता महागड्या चढणीकडे.

आम्ही आजवर कोन १० ला भाजत आलो. कोन म्हणजे ठरावीक मिश्रणाचा छोटा सुळका. तो वाकला की तेवढं 'उष्णता-काम' झालं असं समजायचं. नुसतं तापमान नव्हे, तापमान आणि वेळ मिळून. जर्मनीत हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये ही पद्धत आणली, पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी तिची स्वतःची मालिका काढली. आजही आमच्या भट्टीत तेच सुळके ठेवतो, कारण तापमान मोजणारा थर्मोकपल जुना झाला की हळूहळू चुकीचं सांगू लागतो, कोन सांगत नाही.

तासाला ६० अंशांच्या चढीने कोन १० सुमारे १२८५ अंशांना वाकतो, कोन ६ सुमारे १२२२ अंशांना. फरक साठ-एक अंशांचा, पण तो बरोबर त्या टप्प्यात येतो जिथे मीटर सगळ्यात जोरात पळतो. वहीतले आकडे तेच सांगतात. शिवाय इलेक्ट्रिक भट्टीच्या एलिमेंटचं आयुष्यही वरच्या तापमानाला झपाट्याने घटतं.

नुसता कंट्रोलरवरचा आकडा बदलून हे होत नाही. कोन १० साठी बनवलेली माती कोन ६ ला पुरती पिकत नाही. ती सच्छिद्र राहते, वापरात पाणी पिते, झिरपते. तेव्हा माती बदलावी लागेल, सगळी ग्लेझं नव्याने बसवावी लागतील. दोन-तीन महिन्यांचं काम आहे. करायचंच ठरलं.

२१ मार्च

कोन ६ च्या तीन मातींचे नमुने भाजले. पाणी पिण्याची चाचणी : नमुना कोरडा असताना वजन, मग ५ तास उकळायचा, त्याच पाण्यात २४ तास ठेवायचा, पुसून पुन्हा वजन. वाढलेल्या वजनाची टक्केवारी म्हणजे शोषण. तिन्हींपैकी एकच माती आम्हाला हवी तेवढी घट्ट निघाली. ती रंगाने किंचित करडी आहे. आमच्या जुन्या मातीच्या दुधी पांढऱ्या रंगाची मला सवय आहे आणि तो रंग मी सोडते आहे, हे लिहून ठेवावंसं वाटलं. करड्यावर पारदर्शक ग्लेझ खोल दिसतं. त्याचं स्वतःचं सौंदर्य आहे.

६ एप्रिल

ग्लेझ. कोन ६ ला काच वितळायला जास्त मदत लागते आणि ती मुख्यतः बोरॉन करतो. साधा बोरॅक्स पाण्यात विरघळतो, त्यामुळे ग्लेझच्या बादलीत तो वागत नाही. म्हणून बोरॉन फ्रिटमधून घ्यायचा. फ्रिट म्हणजे आधीच वितळवून, थंड करून दळलेली काच. ती बनवायलाही कारखान्यात ऊर्जा लागतेच. ती आमच्या तिसऱ्या रकान्यात जाते. हे लपवून 'कमी तापमान' म्हणून मिरवणं बरोबर नाही, त्यामुळे वहीत फ्रिटसाठी वेगळी ओळ ठेवली आहे. ग्लेझचा थर पातळ असतो आणि त्यातही फ्रिट थोडीच, तर भट्टीतली बचत प्रत्येक भाजणीला होते. पारडं भट्टीच्या बाजूने झुकतं.

चाचणी-टाइल्स भाजून आल्या. पारदर्शक उत्तम. काळं लोहाचं ग्लेझ जुन्यापेक्षा सरस. तांब्याचं मॅट हिरवं दिसायला देखणं, पण मॅट ग्लेझमध्ये तांबं नीट बांधलं जात नाही, आंबट पदार्थाने ते पाझरू शकतं. लिंबाचा तुकडा रात्रभर ठेवला, तर सकाळी तिथे फिका डाग होता. ही ढोबळ चाचणी. खरी चाचणी प्रयोगशाळेत होते : आयएसओ ६४८६ नुसार ४ टक्के ॲसिटिक आम्लात २४ तास, मग द्रवात शिसं आणि कॅडमियम किती उतरलं ते मोजतात. ही दोन्ही आम्ही वापरतच नाही. मॅट हिरवं आता फक्त फुलदाण्यांच्या बाहेरच्या अंगाला.

निळ्यावर वाद झाला. निळा येतो कोबाल्टमधून, आणि जगातलं निम्म्याहून बरंच जास्त कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या खाणींतून येतं. तिथल्या छोट्या हाती खाणींमधल्या बालमजुरीबद्दल मानवी हक्क संघटनांनी सातत्याने लिहिलं आहे. आमच्या मुठभर भुकटीचा उगम आम्हाला शोधता येत नाही. आमचा तरुण साथी म्हणाला, "ताई, निळा बंदच करूया. सरळ." सहकारीचं म्हणणं, की कोबाल्ट इतका तीव्र असतो की अर्धा-एक टक्काही पुरतो, मग रेषेपुरता ठेवायला काय हरकत आहे?

दोघांचंही पटतं. शेवटी मी ठरवलं : पूर्ण निळ्यात बुडवलेली भांडी बंद, ब्रशने काढलेली रेषा चालू, आणि आहे तो साठा संपल्यावर पुन्हा बसायचं. लोखंडातून मिळणारे तपकिरी, काळे, राखी हिरवे रंग पुढे आणायचे. लोखंड मुबलक आहे आणि आमच्या करड्या मातीवर शोभतं.

१७ एप्रिल

पाणी आणि धूळ.

सिंकमध्ये आता काहीच धुवायचं नाही. तीन बादल्या रांगेत : पहिलीत ढोबळ धुणं, दुसरीत पुन्हा, तिसरीत शेवटचं. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी परत पहिल्या धुण्याला. मातीची रांग वेगळी, ग्लेझची वेगळी. मातीचा गाळ पिंपात जातो. ग्लेझचा गाळ एका बरणीत साठवतोय. सगळ्या ग्लेझांचा मिळून जो रंग येईल तो टाइलवर तपासून, बाहेरच्या अंगासाठी वापरायचा. जमलं नाही तर फुकट गेलेल्या बिस्क वाटीत भाजून दगड करायचा, पण गटारात सोडायचा नाही.

धुळीला मी या प्रकल्पात मुद्दाम घेतलंय. मातीत आणि ग्लेझमध्ये स्फटिकी सिलिका असते. तिची बारीक धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस होतो, आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवली. झाडू बंद. ओला स्पंज आणि ओलं पोछा, रोज, जाण्याआधी. ग्लेझ कोरडं मिसळताना मास्क, आणि मास्क म्हणजे रुमाल नव्हे. इथे बसणाऱ्या माणसाची छाती खराब करून कुठला स्टुडिओ टिकाऊ होणार?

२ मे

भट्टी मंदावली होती. तीच चढण चढायला जास्त वेळ घेत होती आणि युनिट वाढले होते. वही नसती तर लक्षात यायला आणखी बरेच महिने गेले असते. दुरुस्तीवाले काका आले. एलिमेंटचा रोध मोजला. जुने झाले की रोध वाढतो, वीज कमी खेचली जाते, भट्टी रेंगाळते, आणि रेंगाळलेल्या प्रत्येक तासाला भिंतींतून उष्णता जातच असते. एलिमेंट बदलले. झाकणाची कडाही झिजली होती, चालू भट्टीत तिथून लाल रेघ दिसायची. काकांनी कडा घासून सपाट करून दिली. जाताना म्हणाले, "दर सहा महिन्यांनी रोध तुम्हीच मोजा, मी दाखवतो." मल्टिमीटर कसा लावायचा ते दोघांनाही शिकवून गेले.

१६ मे

पॅकिंग, अखेर.

आमचं मत इतकंच : फुटलेलं भांडं हा सगळ्यात वाईट कचरा. ते पुन्हा घडवावं लागतं, दोनदा भाजावं लागतं, पुन्हा पाठवावं लागतं. त्यामुळे 'कमीत कमी पॅकिंग' हा नियम आम्हाला लागू होत नाही. 'न फुटण्याइतकं, आणि त्याहून जास्त नाही' हा होतो. दुसऱ्यांकडून आलेली खोकी गोळा करून वापरतो, आत चुरगळलेला कागद, भांडं खोक्याच्या कोणत्याही भिंतीला टेकता कामा नये. छातीच्या उंचीवरून सहाही बाजूंनी आणि एका कोपऱ्यावर टाकून पाहिलं. कानाच्या आत कागद कोंबला नाही तर कान जातो, हे पहिल्याच फेरीत दिसलं.

'कंपोस्टेबल' प्लास्टिकची पाकिटं नाकारली. युरोपच्या ईएन १३४३२ मानकात बसणारं प्लास्टिक औद्योगिक कंपोस्ट केंद्रात, साधारण ५८ अंशांना कुजण्यासाठी असतं. ग्राहकाच्या कुंडीत ते तसं कुजेल याची खात्री नाही. आलेला बबल रॅप मात्र फेकत नाही, फाटेपर्यंत वापरतो.

विमानाने पाठवणं बंद. जलद हवं असणाऱ्या काही ऑर्डर जातील. जाऊ देत.

३० मे

एकाच भाजणीचा प्रयोग. बिस्क वगळून थेट कच्च्या भांड्यावर ग्लेझ चढवायचं आणि एकदाच भाजायचं. जमलं तर एक अख्खी भाजणी वाचते, म्हणून मोह मोठा.

ग्लेझमध्ये मातीचं प्रमाण जास्त ठेवलं, म्हणजे ते भांड्याबरोबर आक्रसेल. लेदर-हार्ड अवस्थेत चढवलं. सुरुवातीची चढण अगदी सावकाश ठेवली, कारण पाणी आणि मातीतला सेंद्रिय अंश ग्लेझ वितळून वरून बंद होण्याआधी बाहेर पडायला हवा. उघड्या वाट्या आणि थाळ्या चांगल्या आल्या. कानांच्या कपांचे मात्र सांधे ग्लेझच्या ओलीने सैल झाले आणि बरेच तडकले. तडकलेले कप जमेस धरले तर कपांमध्ये बचत उरत नाही. निर्णय : वाट्या आणि थाळ्या एकाच भाजणीत, कप पूर्वीप्रमाणे दोनदा. प्रत्येक वस्तूला एकच नियम लावायचा अट्टहास नको.

१२ जून

एका दुकानातून विचारणा : "मॅडम, लेबलवर इको-फ्रेंडली लिहून द्याल का? त्याने माल पटकन उचलला जातो."

नाही लिहिणार. आयएसओ १४०२१ हे स्वतःहून केलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांचं मानक आहे, आणि त्यातही असे मोघम शब्द वापरू नयेत असंच म्हटलंय. भाजलेलं भांडं पर्यावरणाचं मित्र नसतं. त्याने वीज घेतलेली असते. आपण ती किती घेतली आणि पूर्वीपेक्षा किती कमी, एवढंच सांगू शकतो. लेबलावर दोन ओळी छापल्या : 'कोन ६ ला भाजलेलं. या मातीत स्टुडिओत उरलेली माती परत मिसळलेली आहे.' एकाच भाजणीच्या वाट्यांवर तिसरी ओळ.

दुकानदारांना फोन करून समजावलं. ते म्हणाले, "कोन म्हणजे काय ते लोक विचारतील." विचारू देत की. विचारलं तर सांगायला आपल्याकडे खरं काहीतरी आहे.

२६ जून

भाजून सदोष निघालेल्या मालाचं काय, हा प्रश्न उरला होता. निवडीमुळे तो कमी झालाय, पण ग्लेझच्या भाजणीत काही ना काही होतंच. ज्यांचा दोष फक्त दिसण्यात आहे ती भांडी दोष दाखवून, वेगळ्या फळीवर. ज्यांची धार बोचते किंवा आतलं ग्लेझ फुटलंय ती विकायची नाहीत, वापरायला कुणाला द्यायचीही नाहीत. त्यांचे तुकडे कुंड्यांच्या तळाशी. बिस्कचे तुकडे ओले करून कुटतोय, चाळून ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भरड चुरा) म्हणून मोठ्या कुंड्यांच्या मातीत घालायला. कोरडे कुटायचे नाहीत, धूळ. हाताने हे काम फार सावकाश होतं आणि ग्रॉग थोडाच निघतो. मोठ्या कुंड्यांपुरता पुरेल.

४ जुलै

कोन ६ ची सगळी ग्लेझं बसली. कोन १० ची शेवटची भट्टी गेल्या आठवड्यात झाली, त्या मातीचा उरलेला साठा एका कलाशाळेला दिला. वहीत दोन्ही तापमानांच्या भरलेल्या भट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या : कोन ६ ची भाजणी कमी युनिटमध्ये संपते, आणि शेवटच्या टप्प्याचा वेळ स्पष्ट आखूड झालाय. एका भांड्यामागच्या युनिटमध्ये मात्र याहून मोठी घट भट्टी गच्च भरण्याने आली आहे.

चर्चेला उरलेला विषय : मागणी वाढतेय आणि मोठी भट्टी घ्यावी का. सहकारीला हवी आहे. माझं म्हणणं, की मोठी भट्टी भरायला जास्त दिवस लागतात, आणि भरण्याची घाई झाली की निवडीच्या दिवशी हात सैल पडतो. त्यापेक्षा चाचणी-टाइल्ससाठी छोटी भट्टी घ्यावी, म्हणजे चार टाइल्ससाठी मोठी भट्टी अडवावी लागणार नाही. तिने मागणीचे आकडे काढायचे, मी वहीवरून छोट्या भट्टीचा हिशेब मांडायचा. पुढची बिस्क सोमवारी, निवड रविवारी दुपारी. तेव्हाच बसू.